अप्पांच्या गाडीचा वेग

गाडी घरात आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. आणि तो अप्पांसाठी नव्हता, स्वतःसाठी होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी नोकरीभर या शहरात बस चालवली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी साखरेने त्यांचे पाय धरले. आधी तळव्यांना मुंग्या येत, मग पायातून चप्पल कधी निसटली ते कळेनासं झालं, आणि पुढेपुढे गुडघ्याखाली पाय आहेत हे त्यांना बघूनच कळायचं. एकदा टाचेत काच रुतली होती. ती त्यांना नाही, माझ्या बायकोला समजली. लादीवर लाल ठसे दिसले म्हणून. त्यानंतर घरात वॉकर आला आणि बाहेर जायला व्हीलचेअर.

आमची परळची चाळ पाडून तिथेच टॉवर झाला. आम्ही आता वरच्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, खाली उतरायला उतारही केलेला आहे. रस्त्याच्या पलीकडे विहार आहे, आणि विहाराच्या पायऱ्यांवर संध्याकाळी जुन्या चाळीतले चार-पाच म्हातारे जमतात. त्याला सगळे कट्टा म्हणतात. अप्पांचं जग म्हणजे हा कट्टा. रविवारी वंदना झाली की तिथेच बसायचं, इतर दिवशी संध्याकाळी. पेपरातल्या बातम्या, कोणाचा नातू कुठे लागला, कोण गेला, आणि मग एकमेकांची यथेच्छ टिंगल. अप्पा संध्याकाळ व्हायच्या आधीच इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून, खिशाला पेन अडकवून बसायचे. पेन कशाला, ते कोणी विचारलं नाही.

व्हीलचेअर मी ढकलायचो. माझं ऑफिस फोर्टात. मी घरी पोचेपर्यंत कट्टा उठायला आलेला असायचा. अप्पा काही बोलत नसत. मी दारात दिसलो की फक्त म्हणायचे, "चल, येतोस?" आणि मला, खरं सांगतो, त्या दोन शब्दांचा राग यायचा. बूट काढायच्या आधी परत खाली जायचं, रस्ता ओलांडायचा, फुटपाथच्या कडेवरून खुर्ची उचलायची, आणि जेमतेम जय भीम घालून झाला की परत फिरायचं. कधी मी म्हणायचो, "अप्पा, आज राहू दे." ते लगेच म्हणायचे, "राहू दे, राहू दे, दमला असशील." आणि मी खरंच राहू द्यायचो.

म्हणून मी ती गाडी घेतली. चार चाकं, बॅटरी, पुढे टोपली, हाताने चालवायची. पायांचं काही कामच नाही. दुकानात तिला मोबिलिटी स्कूटर म्हणतात. अप्पा पहिल्या दिवसापासून तिला नुसतं गाडी म्हणत आले.

कंपनीचा माणूस शिकवायला आला होता. आम्ही खाली आवारात उभे होतो. हँडलच्या उजव्या बाजूला एक खटका होता. तो अंगठ्याने दाबला की गाडी पुढे जाते, सोडला की जागच्या जागी थांबते. डाव्या खटक्याने मागे येते. मध्ये एक गोल बटण, त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र आणि दुसऱ्या टोकाला सशाचं. कासवाकडे फिरवलं की हळू, सशाकडे फिरवलं की जलद. चढता-उतरताना चावी बंद. उतारावर तिरकं जायचं नाही, सरळच. फुटपाथच्या कडेवरून चढवायची नाही, उलटते.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ब्रेक कुठाय?"

"वेगळा ब्रेक नाही काका. खटका सोडायचा, की लागला ब्रेक."

"सोडून?"

"सोडून."

अप्पा माझ्याकडे बघून हसले. "आयुष्यात अशी गाडी बघितली नाही रे. गाडी थांबवायची म्हणजे काहीतरी दाबावं लागतं."

त्या माणसानेही हसून घेतलं. मीही हसलो. ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच तेव्हा कळलं नाही.

आठवडाभर आवारात सराव केला. अप्पा पुढे, मी पाठी. पहिल्याच दिवशी ते गाडीवर बसले, चावी फिरवली आणि नुसतेच बसून राहिले.

"काय झालं अप्पा?"

"डबल दे की."

मला समजायला वेळ लागला. बसमध्ये कंडक्टर घंटीची दोरी ओढतो. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे निघ. अप्पांनी नोकरीत पाठून डबल आल्याशिवाय गाडी कधी हलवली नव्हती. मी घराच्या चावीने सीटच्या पाठीवर टक टक केलं. गाडी निघाली. पाण्याच्या टाकीशी एकदा टक केलं. थांबली.

"जमतंय तुला," अप्पा म्हणाले. "परीक्षा देऊन लागला असतास."

पुढचे काही आठवडे आमच्या घरात जो आनंद होता तो मी नीट सांगू शकणार नाही. अप्पा एकटे जाऊ लागले. लिफ्टने खाली, उतारावरून सरळ, वॉचमनला हात, गेटच्या बाहेर. फुटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून खांब रोवलेत, त्यातून अप्पांची गाडीही जात नाही. म्हणून रस्त्याच्या कडेकडेने सिग्नलपर्यंत, आणि तिथून झेब्रावरून पलीकडे. सिग्नल ओलांडायची त्यांची पद्धत ठरलेली होती. आधीच हिरवा असलेला सिग्नल ते घेत नसत. तो लाल होऊ द्यायचा, मग नव्याने हिरवा झाला की बटण सशावर, आणि निघायचं. "जुना हिरवा किती उरलाय ते आपल्याला माहीत नसतं," ते म्हणायचे. "नवा हिरवा आपला असतो."

कट्ट्यावर एक दाढीवाले काका आहेत. ते अप्पांचे बालमित्र, इस्पितळात वॉर्डात काम करायचे. अप्पा दिसले की ते पायऱ्यांवरूनच ओरडायचे, "आली रे मिनी बस! आज लेट!"

"रिकामी आहे, या बसायला. तिकीट लागेल."

"मेल्या, तुझ्या गाडीला दरवाजा नाही, काच नाही, पाऊस आला तर काय करशील?"

"पाऊस आला तर तुला वर धरीन."

हे मला अप्पाच रात्री जेवताना सांगायचे आणि सांगताना पुन्हा हसायचे. मी ऑफिसातून घरी यायचो, बूट काढायचो, चहा प्यायचो. मला कोणी "येतोस?" म्हणायचं नाही. मी सुखी होतो.

मग आवारात तो प्रकार झाला.

सुटीचा दिवस होता. अप्पा कट्ट्यावरून परत येत होते आणि मी खाली उभा होतो. ते गेटमधून आत आले आणि त्यांच्या पाठून जेवण पोचवणारी एक मोटरसायकल कट मारून पुढे आली. टक्कर झाली नसती, मधे पुष्कळ जागा होती. पण अप्पा दचकले. त्यांचा उजवा पाय खाली आपटला, जोरात. लहानपणी मी त्यांच्या केबिनच्या पाठच्या सीटवर बसून तो पाय कितीदा बघितला होता. सिग्नलला, वळणावर, कोणी आडवं आलं की तो पाय उतरायचा आणि एवढं मोठं धूड गपकन थांबायचं. आत्ताही तो तसाच उतरला. पण त्याच्याखाली नुसता पत्रा होता. आणि पायाबरोबर त्यांची हाताची मूठही आवळली गेली. मुठीत खटका होता.

गाडी थांबायच्या ऐवजी सुसाट पुढे गेली आणि तुळस लावलेल्या सिमेंटच्या कुंडीवर आदळली.

"सोडा! अप्पा, सोडा!" मी धावत ओरडत होतो. त्यांनी जितकं ऐकलं तितकं आणखी घट्ट धरलं. मी चावी बंद केली तेव्हा कुठे ती थांबली.

अप्पांना काही झालं नाही असं वाटलं. "ब्रेक लागला नाही," एवढंच ते म्हणाले. वर येऊन पँट वर केली तर नडगीची साल सोलून निघालेली. त्यांना दुखत नव्हतं, तीच तर भीती. डॉक्टर म्हणाले, या पायाची जखम लवकर भरणार नाही, पुन्हा असं काही झालं तर पाय वाचवता येईल याची खात्री देता येणार नाही. ड्रेसिंग करायला मी रोज त्यांच्यासमोर लादीवर बसायचो. ती ओली लाल जागा बघायचो. अप्पा वरून पेपर वाचत असायचे, जणू तो पाय दुसऱ्या कोणाचा आहे.

जखम भरत आली तशी ते गाडीविषयी विचारू लागले. "चार्जिंगला लावलीस ना? बॅटरी उतरू द्यायची नाही." मी लावत होतो. पण मला झोप लागत नव्हती. डोळे मिटले की ती आवळलेली मूठ दिसायची, आणि पुढे कुंडीच्या जागी रस्ता.

नको म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं. समजावून सांगायचं धैर्यही नव्हतं. मी त्यांना समोर बसवून म्हणायला हवं होतं, की अप्पा, तुमचा हात चुकतोय, आपण पुन्हा शिकू, दचकलं की सोडायचं असा सराव करू. कोणीतरी मधेच ओरडायचं आणि तुम्ही हात सोडायचा, असं शंभर वेळा करू. ते केलं असतं तर कदाचित बसलं असतं त्यांच्या हातात. पण बसच्या ड्रायव्हरला ब्रेक शिकवायचा? मला ते बोलवेना.

मी कंपनीच्या माणसाला फोन केला. म्हटलं, वेग कमी करता येतो का, म्हणजे बटण कुठेही फिरवलं तरी वाढणारच नाही असा? तो म्हणाला, येतो, आतून सेटिंग करावं लागतं. दुपारी अप्पा झोपले असताना तो आला. गाडी खाली मीटररूमजवळ चार्जिंगला होती. त्याने आसनाखाली कसलंसं यंत्र जोडलं, दोन बटणं दाबली, झालं.

"आता सशावर ठेवली तरी कासवानेच जाणार," तो म्हणाला. "काकांना सांगून ठेवा."

"सांगतो," मी म्हटलं.

बायकोला रात्री सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. "अप्पांना सांगितलंत?"

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना. त्यांच्या भल्यासाठीच केलंय."

"अहो, भल्याचं माहीत नाही. तुम्हाला ते घरी बसायला हवेत, आणि वर ते खुशीत बसायला हवेत."

मी चिडलो. ती खोटं बोलली असती तर चिडलो नसतो.

जखमेवरची पट्टी निघाली आणि अप्पांनी आवारात एक चक्कर मारली. मी वरून खिडकीतून बघत होतो. गाडी कुंड्यांच्या रांगेजवळून इतक्या हळू चालली होती की वॉचमन शेजारून चालत पुढे निघून गेला. अप्पांनी बटण फिरवलं. परत फिरवलं. वाकून बघितलं.

वर आल्यावर म्हणाले, "गाडी ओढत नाही रे."

"बरेच दिवस उभी होती ना. बॅटरी बसली असेल."

"चार्जिंगचा काटा फुल दाखवतोय."

"मग बघतो. माणसाला बोलावतो."

"बोलाव," अप्पा म्हणाले. त्यांनी विश्वास ठेवला. पुढे दोन-तीनदा विचारलं, "आला होता का रे तो?" मी म्हणालो, फोन लागत नाही. अप्पा म्हणाले, आजकाल सर्व्हिस अशीच. मला वाटत होतं, हळूहळू सवय होईल, एक दिवस ते विचारायचे थांबतील, आणि मला काही सांगावंच लागणार नाही.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी ऑफिसात होतो. फोन वाजला. दाढीवाले काका. ते कधी मला फोन करत नाहीत.

"अरे, तुझा बाप रस्त्यात उभा आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे मधोमध! सिग्नल पडला आणि हा मधेच. दोन्हीकडून गाड्या सुटल्या. ए! ए थांब रे! दिसत नाही काय तुला?"

पुढचं ते माझ्याशी बोलत नव्हते. फोन कानाजवळ तसाच राहिला असावा. मला हॉर्न ऐकू येत होते, एकात एक मिसळलेले. कोणीतरी हिंदीत ओरडत होतं, चाचा, हटो, हटो. काका ओरडत होते, "खटका दाब! अरे पुढे ये! हळू कसली चालवतोस, ये ना!" मी उभा राहिलो. माझ्याभोवती लोक आपापल्या टेबलांवर काम करत होते. मी फोनमध्ये "काका, काका" म्हणत होतो आणि मला माहीत होतं की अप्पा खटका पूर्ण दाबून बसले असणार, बटण सशावर असणार, आणि गाडी माणसाच्या चालीनेसुद्धा जात नसणार. हे त्या रस्त्यावर कोणालाच माहीत नव्हतं. फोर्टात, त्या टेबलाशी उभ्या असलेल्या मला माहीत होतं.

"बस आली," काका म्हणाले. "बसवाल्याने बस आडवी घातली. हां. हां, थांबले सगळे. ये, ये, ये रे बाबा." मग हॉर्न थांबले. "आला. पोचला इकडे. ठेव आता फोन, मी त्याच्याकडे जातो."

मी टॅक्सी पकडली. परळच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. मी खिडकीतून पाहत होतो आणि मनात एकच चाललं होतं, की अप्पांनी नवा हिरवा घेतला असेल. त्यांनी सगळं बरोबर केलं असेल.

तसंच झालं होतं. काकांनी नंतर सांगितलं. त्यांनी लाल होऊ दिला, हिरवा झाला, निघाले. अर्ध्यात पोचले आणि दिवा बदलला. बसचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून पाठच्या गाड्यांना शिव्या देत होता आणि अप्पांना म्हणाला, "आरामात जा काका, मी आहे." अप्पांनी त्याला हात केला. मग त्याने बहुतेक ओळखलं असावं, कारण त्याने दोन बोटं कपाळाला लावली. ड्रायव्हर एकमेकांना लावतात तशी.

मी घरी आलो तेव्हा अप्पा हॉलमध्ये बसले होते. टीव्ही बंद. समोर टीपॉयवर गाडीची चावी. त्यांनी मला "ये" म्हटलं नाही.

मग ते म्हणाले, "एवढ्या वर्षांत मी कोणाच्या मधे आलो नाही रे. आज पूर्ण रस्ता माझ्यासाठी थांबला."

"अप्पा..."

"मला वाटलं माझंच चुकलं. मी हिशेब चुकलो. म्हातारा झालो, वेळ कळत नाही आता."

मी तेव्हाही गप्प राहू शकलो असतो. मनात आलंच होतं, की राहू दे, त्यांनी स्वतःच चावी काढून ठेवलीय, आता ते जाणार नाहीत, संपलं. एवढ्या वेळात हा विचार माझ्या मनात येऊन गेला, याची मला अजून लाज वाटते. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. ती नसती तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

"तुमचं चुकलं नाही," मी म्हटलं. "गाडीचा वेग मी कमी करून घेतला होता. तुम्ही झोपला होतात तेव्हा. नडगीला लागलं म्हणून."

मला वाटलं, अप्पा ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आमच्याकडे एक होतं," ते म्हणाले. आवाज अगदी साधा. "ड्युटी बदलली की गाडी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची. देताना सांगायचं. ब्रेक उशिरा लागतो. डावीकडे ओढते. चढावर दम टाकते. ज्याच्याशी बोलणं बंद, वैर असेल, त्यालाही सांगायचं. कारण पुढे तो चालवणार. आत माणसं बसणार." मग थांबून म्हणाले, "कमी केलास ते ठीक आहे. बापाची काळजी असते. पण मला सांगितलं असतंस तर मी निघालो नसतो ना त्या सिग्नलला."

ते उठायला गेले, वॉकर लांब होता. मी पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि आत गेले.

मी दुसऱ्याच दिवशी त्या माणसाला बोलावून वेग पहिल्यासारखा करून घेतला. या वेळी अप्पांच्या समोर. त्यांना चावी दिली. म्हणालो, आपण हात सोडायचा सराव करू. केलाही. आवारात मी मधेच ओरडायचो, टाळी वाजवायचो, आडवा यायचो. दहातून सहा-सात वेळा ते खटका सोडत. उरलेल्या वेळी पाय आपटायचा आणि मूठ आवळायची. अप्पा हसून म्हणायचे, "पाय ऐकत नाही रे. त्याला काही लागत नाही, पण तो विसरतही नाही." मी त्यांच्याबरोबर हसायचो. सहा-सात म्हणजे पुरे की अपुरे, हे मला कोण सांगणार? डॉक्टर म्हणाले, तुम्ही बघा. कंपनीचा माणूस म्हणाला, काकांवर आहे. बायको म्हणाली, त्यांनाच विचारा.

अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "बघू."

तेव्हापासून असं चाललंय. मी लवकर येतो त्या दिवशी, आणि रविवारी, आम्ही दोघं जातो. मी सीटच्या पाठीला टक टक करतो, ते निघतात, मी शेजारून चालतो, पलीकडे पोचतो. दाढीवाले काका म्हणतात, "आज कंडक्टरसकट आली!" इतर दिवशी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून खाली येतात आणि गेटच्या आत गाडी उभी करून रस्त्याकडे तोंड करून बसतात. पलीकडून काका हात करतात. अप्पा हात करतात. मधून गाड्या जात असतात. अंधार पडला की वर येतात. बायको सांगते, कुणी विचारलं तर म्हणतात, हवा खातोय.

मी एकदा म्हटलं, "अप्पा, मी लवकर सुटायचं बघतो. अर्जच देतो."

"नको," ते म्हणाले. "तुझी ड्युटी तुझी."

गेल्या आठवड्यात मी घरीच होतो. संध्याकाळी खाली आलो, चावी काढली, त्यांच्या पाठी उभा राहिलो. अप्पा म्हणाले, "आज तू पाठून येऊ नकोस. इथे गेटवर थांब. इथून मी एकटा जातो."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

"फक्त डबल दे. सवय आहे, दुसरं काही नाही."

ते बाहेर पडले, कडेकडेने सिग्नलपर्यंत गेले. गेटपासून सिग्नल लांब नाही. लोखंडी गेटवर चावी वाजवली तर तिथे ऐकू जाते. सिग्नल हिरवा होता. तो त्यांनी जाऊ दिला. लाल झाला. मग नवा हिरवा झाला. गाड्या थांबल्या. समोर रस्ता मोकळा होता, पलीकडे काका पायरीवरून उठून उभे राहिले होते. अप्पांनी मागे वळून पाहिलं नाही. ड्रायव्हर पाहत नाहीत. पाठचं कंडक्टर बघतो. त्यांची पाठ ताठ होती. बटणाकडे हात गेलेला मला दिसला. सशाकडे.

माझ्या हातात घराची चावी होती, आणि गेट माझ्या हाताशी होतं. दोनदा वाजवायचं होतं, बस. मला त्या क्षणी त्यांची मूठ दिसत होती, आवळलेली, आणि दहातले ते तीन-चार. वाजवलं आणि काही झालं तर ते मी त्यांना पाठवलं म्हणून झालं. वाजवलं नाही तर ते बसून आहेत ते मी त्यांना बसवलं म्हणून. मी हात वर केला. हात गेटपर्यंत गेला.

दिवा लाल झाला. गाड्या सुटल्या.

अप्पा पुढच्या हिरव्याला थांबले, आणि त्याच्या पुढच्याही. मग त्यांनी डावा खटका दाबून गाडी मागे घेतली, दोन-तीनदा पुढे-मागे करत वळवली, आणि कडेकडेने परत आले. एवढा वेळ मी चावी धरून उभा होतो. पलीकडे काका पुन्हा पायरीवर बसले होते.

माझ्याजवळ येऊन अप्पांनी गाडी थांबवली. खटका अगदी बरोबर सोडला.

"काय रे," ते म्हणाले, "कंडक्टर झोपला काय?"

आणि हसले. मला त्या हसण्याचा अर्थ अजून नीट लागत नाही, की त्यांनी मला सोडवलं की धरलं. मी गेट उघडून बाजूला झालो. ते उतारावरून सरळ, तिरके न जाता, वर चढले.